बारा उपग्रह, एक चिंचोका

एका जंगलात, बाळांनो, प्रत्येकाला रस्ता माहीत होता. हीच त्या जंगलाची मोठी अडचण होती.

कुणालाही काहीही विचारा. "नदी कुठे हो?" "अहो, ही काय इथंच. सरळ जा, मग उजवीकडे." उजवीकडे नदी नसे. उजवीकडे कडा असे. पण "मला माहीत नाही" असं म्हणणं त्या जंगलात असभ्यपणाचं समजत. पाहुणा कड्यावरून पडला तरी चालेल, पण त्याला आपल्या तोंडून "नाही" ऐकावं लागू नये, असे तिथले संस्कार होते.

मग जंगलात गाड्या आल्या. कशा आल्या ते विचारू नका. गोष्टीतली घोरपड बोलते तेव्हा तुम्ही काही विचारत नाही. मग ती गाडीत बसली तर काय बिघडलं?

गाड्यांच्या मागोमाग वाटाड्या आला.

वाटाड्या म्हणजे साबणाच्या वडीएवढं एक यंत्र. गाडीत पुढच्या काचेपाशी ठेवायचं. ते आभाळाकडे बघतं. आभाळात फार फार उंचावर उपग्रह फिरत असतात. त्यांतले चार-पाच दिसले की यंत्राला कळतं, आपण कुठे आहोत. मग ते गोड आवाजात रस्ता सांगतं. त्याची अट एकच. आभाळ दिसलं पाहिजे.

एवढीशी अट. पण जंगल शिकलेलं होतं. सोपी अट पाळायची तर आपण एवढे शिकलो कशाला, असं शिकलेल्यांना वाटतं.

आता त्या जंगलात पद्धत अशी, की नवी वस्तू घरात आली की तिची पूजा करायची. हळद, कुंकू, फूल, नारळ. इथवर ठीक. पण वाटाड्या विकणारा जो उदमांजरशेठ होता, तो प्रत्येक वाटाड्याबरोबर एक मखर फुकट देई. पत्र्याचं, सोनेरी रंगाचं. मागे पत्रा, दोन्ही बाजूंना पत्रा, डोक्यावर पत्रा आणि पत्र्यावर कळस. वाटाड्याला त्यात बसवायचं आणि मखर गाडीत पुढे घट्ट चिकटवायचं. एकदा बसवलेलं उठवायचं नाही. आणि फुकट मिळालेलं मखर नको म्हणणारा प्राणी त्या जंगलात अजून जन्माला यायचा होता.

तर पत्र्याच्या पोटात बसून वाटाड्या जन्मभर एकच वाक्य म्हणे, "उपग्रह शोधत आहे."

हे सगळ्यांच्याच गाडीत होत होतं. कुणाच्याही वाटाड्याला एकही उपग्रह कधी दिसला नव्हता. पण प्रत्येकाला वाटे, हे फक्त आपल्याच घरी. म्हणून प्रत्येक जण आकडा सांगे. पोराचे मार्क सांगावेत तसा.

"आमच्याकडे सात येतात."

"सातच? आमच्याकडे नऊ. ढग असले तर आठ."

"आम्ही बाई कधी मोजतच नाही. पण येतात दहा."

याच जंगलात एक साळू राहत होती. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर लांब लांब काटे, आणि प्रत्येक काट्याच्या टोकाला एक काळजी. साळू खरं तर रात्रीचा प्राणी. दिवसा झोपायचं, रात्री हिंडायचं. पण मूल झाल्यापासून ती दिवसाही जागी असे आणि रात्रीही जागी असे. मूल श्वास घेतंय ना, हे बघायला.

मुलाचं नाव टोकू. टोकूचे काटे अजून मऊ होते, पण डोकं चौकस होतं. कुठल्या भोकात काय मावतं, हे बघण्यात त्याचा दिवस जाई.

साळूच्या गाडीतही वाटाड्या होता. मखरासकट. तो आला त्या दिवशी टोकूच्या बाबांनी पूजा केली, साळूने औक्षण केलं, आणि वाटाड्या म्हणाला, "उपग्रह शोधत आहे." त्यानंतर तो दुसरं काही बोलला नाही. शेजारणी विचारत, "किती येतात गं तुमच्याकडे?" साळू म्हणे, "येतात की." आकडा सांगायची वेळ आली की ती टोकूला हाक मारायच्या निमित्ताने उठे. आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं तिला वाटे. तिला बऱ्याच बाबतींत तसं वाटे. टोकूला दात उशिरा आले तेव्हाही तिला तसंच वाटलं होतं, आणि लवकर चालला तेव्हाही.

तर एके दिवशी सकाळी टोकू तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"आई, डाकात गेला."

"काय गेलं?"

"चिच्चोका."

"कुणाच्या नाकात?"

"बाझ्या."

नाक बंद झालं की न आणि म पळून जातात. साळूला ते कळलं, आणि तिच्या अंगावरचे सगळे काटे एकदम उभे राहिले. तिने टोकूला उजेडात ओढलं. उजव्या नाकपुडीत, आत, चिंचोका चकाकत होता. अगदी आपल्या घरी बसल्यासारखा.

"शिंक बघू."

"येत डाही."

"फुंकर मार जोरात. तोंडाने नाही रे, नाकाने!"

टोकूने फुंकर मारायच्या ऐवजी श्वास ओढला. चिंचोका आणखी आत गेला.

चिंचोका ओला झाला की फुगतो. नाक तर ओलंच असतं. फुगला की तो निघत नाही, आणि आणखी आत सरकला तर श्वासाच्या वाटेत जातो. हे साळूने कुठेतरी वाचलं होतं. शिकलेल्या आईने सगळ्याच गोष्टींबद्दल कुठेतरी वाचलेलं असतं, आणि तिला झोप न येण्याइतपत ते लक्षातही असतं.

टोकूचे बाबा कंदमुळं आणायला पलीकडच्या डोंगरात गेले होते. उपाय एकच होता. डॉक्टर शराटी. शराटी म्हणजे लांब, बारीक, वाकड्या चोचीचा काळा पक्षी. त्या चोचीने डॉक्टरबाई पोरांच्या नाकाकानांतलं काहीही अलगद काढत. सकाळी त्या खालच्या तळ्याकाठी, एका दगडावर बसत. ऊन डोक्यावर आलं की उडून पार पलीकडच्या खोऱ्यात जात, दुसऱ्या तळ्यावरचे रोगी बघायला. मग दुसऱ्या दिवशी सकाळीच परत. म्हणजे ऊन वर यायच्या आत तळं गाठायला हवं होतं.

तळं कुठे आहे, हे साळूला माहीत होतं का? होतं की. ती रोज तिथं पाणी प्यायला जाई. घरापासून उताराने खाली, बांबूच्या बेटाला वळसा, की तळं. डोळे मिटून गेली असती. रात्री जातच होती.

पण पाणी प्यायला जाणं वेगळं, आणि लेकराला डॉक्टरकडे नेणं वेगळं. यंत्राच्या सांगण्यावरून रस्ता चुकला, तर यंत्र चुकलं. स्वतःच्या माहितीवर गेलं आणि चुकलं, तर आई चुकली. आणि आई चुकली की जंगलाला फार दिवस पुरते.

मागच्या उन्हाळ्यात एक सशीण आपल्या पिल्लाला अशीच अंदाजाने डॉक्टरकडे घेऊन गेली होती. वेळेत पोहोचली. पिल्लू बरंही झालं. तरी बायका महिनाभर बोलत होत्या. "अंदाजाने नेलं म्हणे! घरात वाटाड्या असून! काही झालं असतं म्हणजे?" साळूही बोलली होती. खरं म्हणजे सगळ्यांत जास्त तीच बोलली होती.

म्हणून तिने टोकूला गाडीत बसवलं, पट्टा लावला, पट्टा पुन्हा तपासला, आणि वाटाड्या चालू केला.

"उपग्रह शोधत आहे," वाटाड्या म्हणाला.

"शोध बाबा, लवकर शोध," साळू म्हणाली.

शेजारच्या दगडावर घोरपडमावशी ऊन खात पडल्या होत्या. घोरपडमावशींना कुठेही चिकटता येई, आणि एकदा चिकटल्या की त्या सुटत नसत.

"अगं साळू, उंबराखाली उभी राहून कसा येईल सिग्नल?" मावशी म्हणाल्या. "वर बघ किती पानं! त्याला आभाळ लागतं, आभाळ. माळावर जा. सगळे तिथंच जातात."

म्हणणं खरं होतं. साळूने वर पाहिलं. मग तिने मखराकडे पाहिलं. मखराला वर पत्रा होता.

"मावशी, मी म्हणते, हे मखर जरा बाजूला—"

"शिव शिव! बसवलेलं कुणी उठवतं का? लेकरू आजारी असताना तर अजिबात नाही." आणि मावशी दार उघडून मागच्या सीटवर चिकटल्यासुद्धा. "चल, मी येते सोबतीला. तू घाबरतेस फार."

माळ म्हणजे जंगलाच्या मधोमध एक उंच, उघडी जागा. झाड नाही, झुडूप नाही. तिथं साळू पोहोचली आणि बघतच राहिली. अख्खं जंगल तिथं उभं होतं. गाडीला गाडी लागलेली. सगळी इंजिनं चालू आणि सगळी चाकं बंद. प्रत्येक गाडीत एक मखर, आणि प्रत्येक मखरातून तेच वाक्य, कमी-जास्त आवाजात. ऐकायला एखाद्या शाळेतल्या पाढ्यांसारखं वाटे. जिथं लोक थांबतात तिथं चहा येतोच, त्यामुळे एका बाजूला अस्वलाने टपरीही टाकली होती. शेगडी रसरसून पेटली होती.

साळूने सांबरवहिनींच्या गाडीशेजारी गाडी लावली. सांबरवहिनी उंच, मान लांब, आणि बोलताना नेहमी समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत.

"वहिनी, तुम्ही कुठे निघालात?"

"माहेरी."

"आज?"

"परवा निघालो."

"मग अजून इथंच?"

"अगं, अकरा आलेत," वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या. "गाडी हलवली आणि गेले म्हणजे? जीव होत नाही बाई हलवायचा. तुझ्याकडे किती?"

"टोकू, सरळ बस!" साळू म्हणाली.

टोकू सरळच बसला होता. तो काचेतून खाली बघत होता. माळ उंचावर होता ना, तिथून सगळं दिसे. उतार दिसे, बांबूचं बेट दिसे, आणि त्याच्या पलीकडे तळं चमकताना दिसे. काठावर एक दगड होता आणि दगडावर एक काळा ठिपका.

"आई, तळं," टोकू म्हणाला. "तिथं डॉक्टरबाई."

"हो रे राजा. सिग्नल आला की लगेच जाऊ."

"पड ते तिथंच आहे."

"गप्प बस. मावशी काय सांगतायत ते ऐकू दे."

मावशी सांगत होत्या, की पहिल्यांदा उपग्रह धरताना गाडी अगदी स्थिर हवी. साळू स्थिर बसली. तिने श्वाससुद्धा बेताने घेतला. तोंडाने श्वास घेणाऱ्या टोकूकडे तिने पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर काटे उभे राहिले असते आणि गाडी हलली असती.

"उपग्रह शोधत आहे."

"तुझ्या काचांना काळी फिल्म आहे ना," सांबरवहिनी म्हणाल्या. "ती आड येते. आम्ही पहिल्याच दिवशी काढून टाकली."

मग फिल्म काढली. साळूने आपलाच एक काटा उपटून खरवडली. चार बायका मदतीला आल्या. काचा लख्ख झाल्या. आत ऊन आलं आणि टोकूचं नाक उन्हात आणखी लाल दिसू लागलं. मखर जागच्या जागी होतं.

"उपग्रह शोधत आहे."

"वायपर," कुणीतरी म्हणालं. "लोखंडी असतात."

वायपर काढले. मखराला हात लागू नये म्हणून फार जपून काढले.

"छताचं काय?" मावशी म्हणाल्या. "छत म्हणजे पत्राच. एवढा मोठा पत्रा डोक्यावर असताना त्याला आभाळ कसं दिसावं?"

हे सगळ्यांना एकदम पटलं. सांबरभाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, फारसं बोलत नसत, पण त्यांना मोठी शिंगं होती. त्यांनी शिंगं कडेला अडकवली, मान हिसकली, आणि डब्याचं झाकण उघडावं तसं गाडीचं छत उचकटून बाजूला ठेवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साळूने "आभारी आहे भाऊजी" म्हटलं. आता गाडीवर आभाळच आभाळ होतं. फक्त वाटाड्याच्या डोक्यावर तेवढं मखर होतं.

"उपग्रह शोधत आहे."

ऊन चढत होतं. टोकूची नाकपुडी सुजली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. तो रडत मात्र नव्हता, आणि साळूला त्याचंच जास्त भय वाटलं.

तेवढ्यात उदमांजरशेठ फिरत फिरत आला. तो रोज माळावर एक फेरी मारी. आपल्या वस्तू किती लोकप्रिय आहेत, ते बघायला त्याला आवडे.

"काय ताई, काही अडचण?"

साळूने मनाशी वाक्य जुळवलं. तिला मनाशी वाक्य जुळवल्याशिवाय दुकानदाराशी बोलता येत नसे.

"शेठ, हे मखर पत्र्याचं आहे. वर पत्रा, बाजूला पत्रा. छत आड येतं म्हणून आम्ही छत काढलं. मग मखर नाही का येत आड?"

सगळ्या बायका आपापल्या मखराकडे बघू लागल्या. नंतर एकमेकींकडे. मग पटकन आभाळाकडे.

उदमांजरशेठ हसला. "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता."

"हो."

"तरीच."

सगळे हसले. सगळ्यांना बरं वाटलं.

"काढा की मखर," शेठ म्हणाला. "मी कोण अडवणारा? फक्त मखर काढलं की गॅरंटी संपली. उद्या रस्ता चुकलात, पोराला काही झालं, तर माझ्याकडे यायचं नाही. जबाबदारी तुमची. आणि मखराने सिग्नल अडतो म्हणता? या सगळ्यांकडे मखर आहे. विचारा ना, किती येतात."

"नऊ," कुणीतरी म्हणालं.

"दहा."

"अकरा," सांबरवहिनी म्हणाल्या, आभाळाकडे बघत.

साळूचा हात मखरापर्यंत गेला होता. तो तिथून परत आला. जबाबदारी तुमची, हे शब्द तिच्या कानात बसले होते, चिंचोक्यासारखे. एवढ्या सगळ्यांकडे येतात. तिच्याचकडे येत नाहीत. म्हणजे मखर नाही, तीच.

इतक्यात टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "आला! आला! उपग्रह आला!"

सगळ्यांनी माना वर केल्या. आभाळात खरंच काहीतरी येत होतं. तळ्याकडून, उंच, काळं, संथ. माळावर एकच आनंद झाला. एवढे दिवस आकडे सांगितले, पण डोळ्यांनी कुणी पाहिला नव्हता. लोकांनी हॉर्न वाजवले. बायकांनी नमस्कार केला. लहान पोरांना खांद्यावर घेऊन दाखवलं. "ते बघ, तो आपल्याला रस्ता सांगतो."

तो उपग्रह जवळ आला तेव्हा साळूला दिसलं. त्याला पंख होते. पुढे लांब, बारीक, वाकडी चोच होती.

ऊन डोक्यावर आलं होतं. डॉक्टर शराटी पलीकडच्या खोऱ्यात निघाल्या होत्या.

"डॉक्टरबाई!" टोकू ओरडला. "बाझ्या डाकात—"

"डॉक्टरबाई!" साळूही ओरडली. छत नव्हतंच, ती सीटवर उभी राहून ओरडली. पण हॉर्न एवढे वाजत होते, की तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. डॉक्टरबाईंनी खाली पाहिलं. अख्खं जंगल हात हलवत होतं. त्यांनी मान लववून नमस्कार स्वीकारला आणि त्या डोंगरापलीकडे दिसेनाशा झाल्या.

"बघ, नेमका तुझ्या गाडीवरून गेला," सांबरवहिनी म्हणाल्या. "नशीब लागतं."

साळू खाली बसली. टोकूने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्याचा श्वास तोंडातून येत होता, छोटा छोटा. आता उद्या सकाळपर्यंत. आणि चिंचोका फुगत होता.

"मला काही सुचत नाही," साळू म्हणाली. ती हे कुणालाच उद्देशून म्हणाली नव्हती. पण त्या जंगलात असं वाक्य वाया जात नसे.

"दृष्ट लागलीय," उदमांजरशेठ म्हणाला.

"मेलं माझ्या मनात तेच होतं!" मावशी म्हणाल्या. "लेकराला?"

"लेकराला कशाला? यंत्राला. एवढं नवं यंत्र, एवढा मोकळा माळ, तरी आकडा नाही. दुसरं कारणच नाही."

मावशींच्या पिशवीत दृष्टीचं सामान कायम असे. मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या. अस्वलाने शेगडीतले निखारे एका तव्यावर काढून आणले. तवा वाटाड्यापुढे, टोकूच्या नाकासमोर ठेवला, कारण तेवढीच सपाट जागा होती. मावशींनी मूठ बंद केली आणि मखरावरून ओवाळायला सुरुवात केली.

"आल्याची, गेल्याची, बघून जळल्याची, फिल्मवालीची, बिनफिल्मवालीची, अकरा असून बारा मागणारीची—"

"कुणाला म्हणता हो?" सांबरवहिनी म्हणाल्या.

"ज्याची असेल त्याची!" मावशींनी मूठ निखाऱ्यांवर सोडली.

मोहरी तडतडली. मिरच्या काळ्या पडल्या. आणि मग, बाळांनो, असा काही खकाणा उठला, की माळावरच्या चहात आसवं पडली. दृष्ट असली की मिरचीचा ठसका लागत नाही, असं म्हणतात. त्या दिवशी तर अख्खं जंगल खोकत होतं. म्हणजे दृष्ट मुळीच नव्हती. पण एवढा विचार करायला कुणाकडे श्वास उरला नव्हता.

टोकूने तोंड उघडलं. डोळे मिटले.

"आ..."

साळूने त्याला धरलं.

"आ... आ..."

आणि टोकू शिंकला. अंगावरचे सगळे मऊ काटे उभे राहिले, आणि उजव्या नाकपुडीतून चिंचोका सुटला तो थेट मखराच्या पत्र्यावर जाऊन आदळला. टण्ण!

टोकूने नाकाने एक लांब श्वास घेतला. मग दुसरा.

"आई," तो म्हणाला, "मिरचीचा वास येतोय. नाकात."

म आणि न दोन्ही परत आले होते. साळूने त्याला जवळ घेतलं. साळिंदरांना एकमेकांना नीट जवळ घेता येत नाही, कुठेतरी टोचतंच. तिला चार ठिकाणी टोचलं, आणि ते तिला फार फार आवडलं. चिंचोका तिच्या पायाशी पडला होता. तिने तो उचलून मुठीत घेतला. फुगून दुप्पट झाला होता.

"उपग्रह शोधत आहे," वाटाड्या म्हणाला. पण ते ऐकायला कुणाचे कान मोकळे होते? सगळ्यांच्या कानात अजून ती टण्ण वाजत होती.

"आवाज कसला झाला?"

"साळूच्या मखरातून आला!"

"लागला! सिग्नल लागला वाटतं!"

गर्दी गाडीभोवती जमली. छत नसल्याने चारी बाजूंनी डोकी आत आली. सांबरवहिनींची मान सगळ्यांत पुढे होती. आज पहिल्यांदाच त्या सरळ साळूच्या डोळ्यांत बघत होत्या.

"साळू, खरं सांग. किती आले?"

साळूला वाटलं, आता सांगावं. शून्य. माझ्याकडे शून्य, तुमच्याकडेही शून्य. वर पत्रा आहे, पत्रा. शब्द अगदी ओठांवर आले होते.

पण शून्य म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार. मग सकाळपासून इथं का बसलीस? तळं खाली दिसत होतं, डॉक्टरबाई दिसत होत्या, पोरगं बोट दाखवून सांगत होतं. त्या प्रश्नाचं उत्तर यंत्राकडे नव्हतं. गॅरंटीत तर नव्हतंच. ते उत्तर फक्त एका आईकडे होतं, आणि ते तिला मोठ्याने म्हणायचं नव्हतं. मनातही नव्हतं म्हणायचं.

साळूने टोकूच्या कपाळावरचा घाम पुसला.

"बारा," ती म्हणाली.

गर्दीतून एक लांब उसासा आला. सांबरवहिनींचा चेहरा पडला. टोकूने आईकडे पाहिलं, मग वाटाड्याकडे पाहिलं. त्याच्या शिक्षणाला तिथून सुरुवात झाली.

"बारा कसे आले?" कुणीतरी विचारलं.

"चिंचोक्याने," घोरपडमावशी म्हणाल्या. "मी शेजारीच होते ना. चिंचोका मखराला लागला आणि आले. पण तो नुसता चिंचोका नव्हे. पोराच्या नाकातून तापून निघालेला चिंचोका."

उदमांजरशेठने साळूच्या मुठीकडे अगदी आदराने पाहिलं. दिवस मावळायच्या आत त्याच्या दुकानात चिंचोक्यांच्या पुड्या लागल्या होत्या. एका वाटाड्यावर एक पुडी. मखर पूर्वीसारखंच फुकट.

त्या संध्याकाळी साळू बिनछताच्या गाडीतून घरी निघाली. वाटाड्या वाटभर उपग्रह शोधत होता आणि ती उंबराखाली बरोब्बर पोहोचली. दारात सांबरवहिनी उभ्या होत्या. बाजूला त्यांचं पाडस होतं. वहिनींनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग आवाज अगदी खाली आणला.

"साळू, एक विचारू? तुझ्या टोकूच्या कुठल्या नाकपुडीत होता गं?"

साळूने पाडसाकडे पाहिलं. त्याचं नाक ओलं, काळं, इवलंसं होतं. एक शब्द बोलली असती तर ते नाक वाचलं असतं. पण तो शब्द बोलायचा, तर दुपारचा शब्द मागे घ्यावा लागला असता.

"उजव्या," साळू म्हणाली. एवढं मात्र तिने खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर शराटी तळ्याकाठच्या दगडावर येऊन बसल्या. त्यांनी वाट पाहिली. ऊन चढलं तरी कुणी आलं नाही. जंगलातली पोरं आता फार निरोगी झाली असावीत, असं त्यांना वाटलं, आणि त्या समाधानाने वेळेआधीच उडाल्या. माळावरून जाताना त्यांना खाली पुन्हा तीच गर्दी दिसली. प्रत्येक गाडीत एक आई होती, एक सुजलेलं नाक होतं, आणि एक मखर. सगळ्या हात हलवत होत्या.

तात्पर्य: बाळांनो, वाट माहीत असली तरी तेवढ्यावर निघू नये. पोहोचणाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही, आणि थांबणाऱ्याला सोबत भरपूर मिळते. यंत्राला आभाळ दिसतं की नाही, याची चौकशी शिकलेल्या माणसाने करू नये. आपल्याकडे किती उपग्रह आले, असं कुणी विचारलंच, तर आधी शेजारणीचा आकडा काढून घ्यावा, आणि मग त्याहून एक जास्त सांगावा.